काकूंची बाथरूम फोडली तो दिवस

मी पुण्यात इंटिरिअरची कामं करते, त्यातही जास्त करून जुन्या सोसायट्यांमधली. म्हणजे नव्या फ्लॅटचं मॉड्युलर किचन वगैरे कमीच, आमच्याकडे येतं ते "खालच्यांच्या छताला ओल आलीय, आता एकदा करूनच टाकू" टाइपचं काम. एरंडवण्यातली ही केस पण तशीच. 1979 ची बिल्डिंग, दुसरा मजला, काका ब्याऐंशीचे, काकू पंचाहत्तरच्या पुढे, आणि बाथरूम साधारण चार बाय सात फूट, वर डक्टमध्ये उघडणारी काचेच्या पट्ट्यांची एक खिडकी. काकूंची एकच अट होती, "कलर असा सांग की परत बघायला नको. मी असेपर्यंत तरी नको."

आता ही अट सगळेच घालतात. फोटो मात्र घरातले तीन लोक तीन तऱ्हेचे पाठवतात. मुलगा न्यू जर्सीला, त्याने व्हॉट्सॲपवर राखाडी टाइल्स आणि काळे मॅट नळ असे ढीगभर फोटो टाकले होते, ठाण्याच्या लेकीचं म्हणणं सगळं पांढरं करा, हॉटेलसारखं, आणि काकूंना उजेड हवा होता आणि पुसायला सोपं. काळे नळ मी पहिल्याच फोनवर कापले, कारण त्या सोसायटीत उन्हाळ्यात बोअर आणि टँकरचं मिक्स पाणी येतं, आणि जड पाण्याचे पांढरे डाग काळ्यावर जे दिसतात ना, रोज फडकं घेऊन उभं राहावं लागतं. शेवटी भिंती पांढऱ्या, फ्लोअर फिकट आयव्हरी, भांडी, म्हणजे कमोड आणि बेसिन, पांढरी असं ठरलं. मी खूश होते. सकाळी फोडायला सुरुवात, त्याच संध्याकाळी दुकानात जाऊन टाइलची ऑर्डर द्यायची. आंघोळीची सोय समोरच्या फ्लॅटमध्ये.

साडेनवाला मिस्त्रींनी पहिला घाव घातला आणि अर्ध्या तासात मला हाक मारली. "मॅडम, आत अजून टाइल हाय."

वरचा थर सगळ्यांना माहीत होता, 2009 चा. तेव्हा मुलगा लग्नानंतर पहिल्यांदा सुनेला घेऊन येणार म्हणून केलेला. खाली डार्क कॉफी, वर क्रीम आणि मधे बांबू आणि गोल गोट्यांच्या चित्राची हायलायटर टाइल. टाइलच्या धंद्यात ह्याला कन्सेप्ट म्हणतात, लाइट-डार्क-हायलायटर, आणि त्या काळात अख्ख्या पुण्याच्या बाथरूममध्ये हाच बांबू उगवला होता. तो निघाला तर मागे 1996 चा थर, आठ बाय बारा इंचांची पीच टाइल, मधून फुलांच्या गुच्छांची बॉर्डर पट्टी. हा लेकीच्या लग्नाआधीचा. कोणीतरी टाइलवरच टाइल चिकटवली होती, फोडायचा खर्च वाचतो म्हणून. आणि पीचच्या मागे, तिसरा थर, मूळ बिल्डरने लावलेली सहा बाय सहा इंचांची साधी पांढरी ग्लेझ्ड टाइल, फक्त तीन फुटांपर्यंत, त्याच्या वर ऑइलपेंट. म्हणजे दोन्ही भिंती मिळून बाथरूम तीन-साडेतीन इंच आत सरकली होती. काकू म्हणाल्या, "तरीच! मला वाटायचं मीच जाड झाले."

त्या दारात खुर्ची टाकून बसल्या आणि राबीट, म्हणजे फोडलेला राडारोडा, बाहेर जाताना एकेका तुकड्याची हकिकत सांगायला लागल्या. बांबूच्या वेळी दुकानदाराने सांगितलं होतं, आता वीस वर्षं बघायला नको. पीचच्या वेळीही सेम डायलॉग. पीच कमोड त्याच साली आला, सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी, आणि 2009 ला चांगला चालतोय म्हणून तसाच ठेवला. पुढे टाकी फुटली तर पीच मिळेना, म्हणून पांढरी आली, मग सीट तुटली, ती क्रीम मिळाली. म्हणजे मी गेले तेव्हा कॉफी कलरच्या टाइल्स, त्यात पीच कमोड, त्याला पांढरी टाकी आणि वर क्रीम सीट असा संसार होता. हे हसायला ठीक आहे, पण खरं दुखणं इथेच आहे. रंगीत भांडी घेतली की एक पार्ट गेला की संपलं, आणि आयव्हरीसुद्धा एका कंपनीची दुसरीला लागत नाही. भांड्यांत पांढरं तेवढं कुठल्याही दुकानात कशालाही खपून जातं.

मी एक पांढरा तुकडा उचलून बेसिनच्या नळाखाली धुतला. त्रेचाळीस-चव्वेचाळीस वर्षांची टाइल असेल, सांधे काळे पडलेले, पण ती स्वतः आज दुकानात ठेवली असती तर कोणी जुनी म्हटलं नसतं. पीचचं तसं नाही. म्हणजे नुसता पीच रंग वाईट नाहीये, प्लेन पीच असती तर मी कदाचित वाचवा म्हटलं असतं, पण त्या गुच्छाच्या पट्टीने साल सांगितलं. बांबूनेही. साल छापलेलं असतं ते डिझाइनवर, रंगावर फार कमी.

ह्याच गडबडीत न्यू जर्सीचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे रात्र. मी त्याला तीन थर दाखवले, तो हसला, आणि म्हणाला थांबा, आणि फोन घेऊन त्याच्या घरातल्या बाथरूममध्ये गेला. घर पन्नासच्या दशकातलं, भाड्याचं. आणि बाथरूम अख्खी गुलाबी! गुलाबी टाइल, कडेला काळी बारीक पट्टी, टब पण गुलाबी. तिकडे त्या काळात ही फॅशनच होती, राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांची बायको मेमी यांना गुलाबी फार आवडायचा, 1953 च्या शपथविधीच्या बॉलला त्यांनी गुलाबीच गाऊन घातला होता, आणि तो रंग त्यांच्या नावाने ओळखला जायला लागला. नंतर लोकांनी त्या फोडून काढल्या आणि आता काही जण हौसेने जपतात. मी म्हटलं, मग तुम्ही आईला राखाडी का करायला सांगताय? तो म्हणाला, "सगळे तेच करतात ना." प्रामाणिक उत्तर होतं.

इथपर्यंत मी मनात म्हणत होते की बघा, पांढराच बरोबर, तिसऱ्या थराने सर्टिफिकेट दिलं. मग काका आले.

काकांना कोणी काही विचारलंच नव्हतं. मीपण नाही. पाटबंधारे खात्यातून रिटायर, बोलणं कमी, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आणि दोन्ही डोळ्यांना काचबिंदू. नवा कमोड आदल्या दिवशीच आला होता, हॉलमध्ये खोक्यातून काढून ठेवलेला, आणि काकूंना दाखवायला मी त्याच्यासमोर आयव्हरी टाइलचे चार नमुने मांडले होते. काका म्हणाले, बसून बघू का, गंमतीत. आणि दोन पावलं आले, पाऊल कमोडच्या पायावर आपटलं, मग मागे हात नेऊन चाचपडायला लागले, जसं अंधारात स्विच शोधतात तसं. हॉलमध्ये भर दुपारचा उजेड होता.

"अगं, हे सुरू कुठून होतं?" असं म्हणाले. चिडून नाही, विचारलं नुसतं.

मला एकदम कसंतरी झालं. पांढऱ्या भांड्याखाली जवळजवळ पांढरी फरशी, मागे पांढरी भिंत, कड दिसणार कुठून? काचबिंदूत नुसतं कडेचं दिसणं जात नाही, फिक्यावरचं फिकं वेगळं काढणंही अवघड होतं. चौदा वर्षं हे काम करतेय आणि हे मी नुसतं वाचून सोडून दिलं होतं. गॅलरीत जुन्या ओट्याच्या कोटा दगडाचा एक तुकडा कुंडीखाली पडलेला, तो उचलून आणला, हिरवट राखाडी, आणि कमोडच्या पुढे टाकला. काकांना म्हटलं परत या. ते आले, थांबले, वळले आणि बसले. हात मागे गेलाच नाही.

काकू काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मग कोटाच घालू की."

कोटा मला स्वतःला खूप आवडतो, पण बाथरूमला नको म्हटलं. पॉलिश केलेला ओला झाला की सटकतो, आणि तो शेवटी चुनखडीचा दगड, टॉयलेट क्लीनरचं ॲसिड पडलं की पांढरे चट्टे, आणि बाई कितीही सांगा, ॲसिड ओततेच. म्हणून मग तसल्याच हिरवट राखाडी शेडची मॅट टाइल, गुजरातेतल्या मोरबीची, टाइलच्या गावची, एक बाय एक फुटाची. लेकीला दोन बाय चार फुटांची हवी होती, पण एवढ्याशा जागेत नहाणीकडे ढाल काढायचा तर मोठी टाइल कापून कापून तिचा सत्यानाश होतो, आणि लहान टाइलला सांधे जास्त म्हणून पायाला पकडही जास्त. सांध्यात मध्यम राखाडी इपॉक्सी. पांढरा सिमेंट भरला की सहा महिन्यांत तो चहाच्या गाळण्यासारखा होतो.

भिंतीच्या पांढऱ्याचे तीन नमुने मी आत नेऊन, ओले करून, त्यांच्याच बल्बखाली बघितले. बल्ब साडेसहा हजार केल्व्हिनचा, त्यात सगळंच निळसर, पांढरी टाइल दवाखान्यातल्यासारखी दिसत होती. चार हजार केल्व्हिनचा, कमी निळा, लावला तेव्हा कुठे खरा रंग कळला आणि किंचित उबदार पांढरा फायनल झाला. दुकानातल्या झगमगाटात बाथरूमचा रंग ठरवणारी माणसं मला लग्नाच्या मेकअपवरून स्थळ पसंत करणाऱ्यांसारखी वाटतात, जाऊ दे.

आणि मग काकू आत गेल्या आणि त्यांची बादली घेऊन आल्या. गडद निळी, त्यात लाल मग, वर हिरवी प्लॅस्टिकची घासणी. नमुन्यांच्या शेजारी ठेवली आणि म्हणाल्या, "हे धरून बघ. हे जाणार नाहीये." इतके फोटो बघितलेत मी आयुष्यात, एकातही बादली नाही! आमच्याकडे बाथरूमचा खरा ॲक्सेंट कलर बादलीच असते, आणि ती डिझायनरला विचारून येत नाही, दारावरच्या माणसाकडून येते. राखाडी-पांढऱ्यात ती निळी बादली चक्क छान दिसली.

काकूंना एक हौस उरली होती, मोरपंखी. सात फुटांच्या वर जी दीड-दोन फुटांची पट्टी राहते ती टाइलची न करता पेंटचीच ठेवली आणि तिथे मोरपंखी दिला. कंटाळा आला तर पेंटर एका दिवसात बदलेल. सगळ्या खोक्यांवरचा शेड नंबर आणि बॅच मी स्वतः तपासली, प्रत्येक टाइलची एकेक पेटी जादा घेऊन माळ्यावर टाकली, कारण पुढच्या बॅचचा पांढरा हा ह्या पांढऱ्यासारखा असेलच असं नाही.

वॉटरप्रूफिंग, पाणी भरून ठेवणं वगैरे धरून तीन आठवडे गेले. शेवटचं पेमेंट घ्यायला गेले तर काकूंनी चहा केला. पातेलं गॅसवरून उतरवलं आणि ओट्यावर ज्याच्यावर ठेवलं ती त्या तिसऱ्या थरातली पांढरी टाइल होती, एका कोपऱ्याचा टवका उडालेली, मिस्त्रींकडून मागून घेतलेली. "लेकीला दिली नाही हो," म्हणाल्या, "तिला पण हवी होती."