पेटचा माल परत आला तेव्हा

दुपारी दोनच्या सुमारास आमचाच माल घेऊन गेलेला छोटा हत्ती टेम्पो आमच्या सुका कचरा वेगळा करण्याच्या केंद्राच्या गेटात पुन्हा येऊन उभा राहिला. पेट बाटल्यांचे, म्हणजे पाण्याच्या-ज्यूसच्या पारदर्शक प्लास्टिक बाटल्यांचे 12 गठ्ठे, प्रत्येकी साधारण 50 किलोंचे. भिवंडीकडच्या कारखान्याने एक गठ्ठा फोडून पाहिला आणि सगळा माल परत धाडला. ड्रायव्हरदादांनी एक पुडी हातात ठेवली. "शेठ म्हणाले, ताईंना हे दाखवा."

पुडीत भाजलेला चुरा होता. हे कारखाने बाटल्यांचा थोडा चुरा ट्रेमध्ये पसरून 220 अंशांच्या आसपास भट्टीत ठेवतात. पेट पांढरं, अपारदर्शक होतं. पीव्हीसी, म्हणजे पाइपांचं वेगळ्या जातीचं प्लास्टिक, करपून तपकिरी-काळं पडतं. आमच्या पांढऱ्या चुऱ्यात तसे पाच-सहा तुकडे होते.

एवढ्याशा तुकड्यांसाठी सगळा माल परत? हो, आणि त्यांचं बरोबर होतं. पेट वितळायला अडीचशे अंशांच्या आसपास तापमान लागतं. तिथवर पोचण्याआधीच पीव्हीसीचं विघटन होतं आणि त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. ती पेटच्या रेणूंची साखळी तोडते, वितळवून बनवलेला दाणा पिवळा आणि ठिसूळ होतो, मशिनच्या स्क्रूला गंज धरतो, करपलेला कोळसा जाळीत अडकतो. बाटलीपासून परत बाटली बनवणारे दहा लाखांत 50 भागांच्या आसपास मर्यादा लावतात. 600 किलोंत हे होतात 30 ग्रॅम. टूथब्रशची पारदर्शक पाकिटं डझनभर निघाली की संपलं.

आता ही पाकिटं येतात कुठून? दिवाळी नुकतीच झाली होती. घोडबंदर रोडच्या सोसायट्यांच्या सुक्या कचऱ्यात सुक्यामेव्याच्या डब्यांची झाकणं, अत्तर-साबणांच्या खोक्यांच्या खिडक्या, पणत्यांची कडक पाकिटं यांचा ढीग होता. यातली काही पेटची, काही पीव्हीसीची. दिसायला दोन्ही काचेसारखी, आणि बहुतेकांवर प्लास्टिकची जात सांगणारा त्रिकोणातला आकडाही नसतो. प्रेसमध्ये दाबलं की ती चपट्या बाटल्यांच्या मधे जाऊन बसतात, मग वरून पाहून काही कळत नाही.

पाण्याच्या टपात टाकून वेगळी करू, असं एका नव्या मुलाने सुचवलं. झाकणं आणि पातळ लेबलं तरंगतात म्हणून ही युक्ती तिथे चालते. पेट आणि पीव्हीसी दोन्ही बुडतात, घनता जवळजवळ सारखीच. इथे पाणी उपयोगाचं नाही.

मग गठ्ठे फोडले. गठ्ठ्याला बांधलेली पट्टी कापताना समोर उभं राहायचं नाही, बाजूने कापायची. ताणलेली पट्टी उसळून डोळ्यावर येते. टेबलावर माल पसरला आणि आधी ढोबळ चाळणी केली. बाटलीचा तळ बघायचा: पेटच्या बाटलीला मध्यभागी टिंब असतं, पीव्हीसीच्या बाटलीला तळाशी आडवी शिवण. प्लास्टिकचा कडक पत्रा असेल तर दुमडायचा. पीव्हीसीला घडीवर पांढरा चरा उमटतो, आणि उजेडात धरलं की बऱ्याचदा निळसर झाक दिसते. वीसेक वर्षं कचरा वेचलेल्या ताईंना घडी घालायचीही गरज पडत नव्हती, नुसत्या आवाजावरून त्या बाजूला टाकत होत्या.

शंका उरली तिथे तांब्याची तार. तार गॅसच्या निळ्या ज्योतीत लाल होईपर्यंत तापवायची, ज्योतीत हिरवा रंग दिसत नाही ना हे पाहायचं, मग ती गरम तार प्लास्टिकला टेकवायची आणि परत ज्योतीत न्यायची. झगझगीत हिरवी ज्योत म्हणजे क्लोरीन, म्हणजे बहुतेक पीव्हीसी. हे उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून करायचं आणि नखाएवढ्या तुकड्यावरच. धूर घशाला लागतो. छापील भाग टाळावा, शाईमुळेही रंग फसवतो.

ज्यूस आणि सुगंधी दुधाच्या बाटल्यांवरचे घट्ट बसलेले स्लीव्ह, म्हणजे छापील प्लास्टिकची वेष्टनं, ही दुसरी डोकेदुखी. सगळे पीव्हीसीचे नसतात, पण एकेक तपासत बसण्यापेक्षा कटरने उभा छेद देऊन सोलणं स्वस्त पडतं.

संध्याकाळपर्यंत निम्मे गठ्ठे साफ झाले, उरलेले दुसऱ्या दिवशी. तो माल पेटपासून धागा काढणाऱ्याकडे गेला, भाव कमी मिळाला. तेव्हापासून पेटच्या गोणीत फक्त गळा असलेली बाटली जाते. बाकी पारदर्शक काहीही असो, वेगळी गोणी.

त्या वेगळ्या गोणीचं मात्र अवघड आहे. पीव्हीसीच्या पाइपला भंगारवाला भाव देतो, पाकिटाला नाही. जळाऊ माल म्हणून सिमेंटच्या भट्टीकडेही ते चालत नाही, तिथेही क्लोरीन नकोच असतं. 100 मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर 1 जुलै 2022 पासून बंदी आहे. टूथब्रशचं पाकीट मात्र दुकानात तसंच लटकतंय. आमच्या शेडच्या कोपऱ्यात अशा चार गोण्या आहेत आणि घेणारा कुणी नाही.