टेकाडाआधी त्याचा खंदक पाहावा

उघड्या माळावर किंवा शेतांच्या मधोमध गोलसर, गवताळ उंचवटा दिसला की हे प्रागैतिहासिक दफनटेकाड असावे, असा विचार सहज मनात येतो. मात्र नुसता पृष्ठभाग पाहून कोणत्याही उंचवट्याबद्दल ‘शक्यता आहे’ यापलीकडे काही म्हणता येत नाही. ती शक्यता कितपत सबळ आहे, हे मला तरी उंचवट्याच्या माथ्यापेक्षा त्याच्या भोवतालच्या जमिनीवरून अधिक चांगले कळते, असे वाटते. माथ्यावर पुढच्या पिढ्यांनी काय काय केले असेल याचा नेम नसतो, पायथ्याशी मात्र मूळ बांधणारे काय करून गेले याच्या खुणा बऱ्याचदा शिल्लक राहतात.

पाहणीची सुरुवात संशयाने करावी, कारण जमिनीवर उंचवटे निर्माण करणारे हात अनेक आहेत आणि त्यांतले काही हात निसर्गाचे आहेत. हिमनदीने मागे टाकलेल्या गाळाच्या टेकड्या दुरून मानवनिर्मित वाटतात. मोठे झाड मुळांसकट उन्मळून पडले की मुळांना धरून आलेली माती पुढे छोट्या ढिगाच्या रूपात उरते, पण अशा ढिगाला लागूनच एका बाजूला खड्डा असतो. मध्ययुगीन पवनचक्क्यांसाठी उभारलेल्या उंचवट्यांच्या माथ्यावर कधी कधी फुलीच्या आकाराचे खोलगट चर दिसतात, कारण चक्कीच्या लाकडी पायाच्या आडव्या तुळया तिथे पुरलेल्या असत. किल्ल्यासाठी रचलेली माती सहसा उभ्या चढाची आणि सपाट माथ्याची असते, शिवाय तिच्या शेजारी तटबंद आवाराच्या खुणा आढळतात. इंग्लंडमध्ये ससे पाळण्यासाठी बांधलेले लांबट, बुटके उंचवटे तर नवाश्मयुगीन लांब दफनटेकाडांशी हमखास गल्लत करायला लावतात. तिथे लांबीपेक्षा घडण पाहावी. नवाश्मयुगीन टेकाड बहुधा एका टोकाला, आणि तेही बव्हंशी पूर्वेकडच्या टोकाला, अधिक उंच व रुंद असते. त्याचे खंदक दोन्ही लांब बाजूंनी जातात आणि टोकांना सहसा वळसा घालत नाहीत. सशांच्या उंचवट्याची रुंदी सर्वत्र सारखी असते.

गोल टेकाडांच्या बाबतीत खंदकाला आणखी महत्त्व येते. ब्रिटनमधील कांस्ययुगीन गोल टेकाडे साधारणपणे इ.स.पू. २२०० ते १५०० या काळातील आहेत, आणि त्यांच्यासाठी लागणारी माती बऱ्याचदा भोवती गोल खंदक खणूनच काढलेली असे. साध्या प्रकारात हा खंदक टेकाडाच्या पायथ्याला लागून असतो. काही टेकाडांत पायथा आणि खंदक यांच्यामध्ये सपाट पट्टा सोडलेला असतो. आणि काहींत मधला उंचवटा नाममात्र असून खंदक व त्याबाहेरचा बांध हेच ठळक दिसतात. शतकानुशतकांच्या नांगरटीने टेकाड सपाट झाले आणि खंदक बुजला, तरी बुजलेल्या खंदकातील खोल, ओलसर मातीत पीक अधिक उंच वाढते, उशिरा पिकते आणि कोरड्या उन्हाळ्यात हिरवे राहते. जमिनीवरून काहीच न कळणाऱ्या शेतात आकाशातून मात्र स्वच्छ वर्तुळ दिसते, ते यामुळेच. ओ. जी. एस. क्रॉफर्ड आणि अलेक्झांडर कीलर या पुरातत्त्वज्ञांनी १९२०च्या दशकात दक्षिण इंग्लंडची हवाई छायाचित्रे घेऊन या पद्धतीचे सामर्थ्य दाखवून दिले. विमान हाताशी नसले तरी सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन पुष्कळ काम करते, कारण भर दुपारी न जाणवणारी वीतभर उंचीही त्या वेळी लांब सावली टाकते.

आता लेसर किरणांनी जमिनीची उंची मोजणारे लायडार सर्वेक्षण आले आहे आणि दाट झाडीखालचे टेकाडही संगणकाच्या पडद्यावर दिसू लागले आहे. या साधनाचे मोल निर्विवाद आहे, पण घरबसल्या लावलेल्या शोधांवर माझा पूर्ण भरवसा बसत नाही. मोजणीतून झाडी वगळणाऱ्या संगणकीय गाळणीत दाट झुडूप नीट वगळले गेले नाही, किंवा मोजणीच्या दिवशी शेतात खताचा वा गवताचा ढीग पडलेला असला, तर पडद्यावर तोही सुबक गोल टेकाड म्हणून उमटतो. प्रत्यक्ष जागेवर जाणे त्यामुळे टळत नाही.

जागेवर गेल्यावर स्थान आणि शेजार पाहावा. कित्येक टेकाडे डोंगराच्या सर्वोच्च बिंदूवर नसून किंचित खाली, दरीतून पाहणाऱ्याला आकाशरेषेवर दिसतील अशा बेताने रचलेली आहेत. एकट्या उंचवट्यापेक्षा समूहातील उंचवट्याची शक्यता मी अधिक धरतो; स्टोनहेंजजवळच्या नॉर्मंटन डाउनवर टेकाडांची जी रांग आहे, तिच्यातच १८०८ साली उघडलेले आणि सोन्याच्या वस्तूंसाठी प्रसिद्ध झालेले बुश बॅरो आहे. माथ्यावरचा खळगा बऱ्याचदा अशाच जुन्या खोदकामाचा असतो. तो एवढेच सांगतो की पूर्वीही कोणाला तरी इथे काही सापडेल असे वाटले होते, आणि जुन्या खोदणाऱ्यांचा अंदाजही चुकत असे.

दगडाळ प्रदेशात खंदकाची जागा दगडांची मांडणी घेते. नागपूरजवळच्या जुनापाणी येथील शिळावर्तुळांत मोठ्या दगडांचे कडे आणि आत लहान दगड व माती यांची भर अशी रचना आहे. ही दफने लोहयुगीन आहेत, आणि त्याच परिसरातील माहुरझरीच्या वर्तुळांत लोखंडी वस्तूंबरोबर तांब्याच्या अलंकारांसह घोड्याचे अवशेषही मिळाले आहेत. बेसॉल्ट झिजताना त्याचे आपोआपच गोल धोंडे होतात आणि शेत साफ करताना असे धोंडे बांधाला रचलेही जातात, म्हणून दगड गोल असण्यापेक्षा ते कड्यात बसवलेले आहेत का, कड्यातले दगड आतल्या भरीपेक्षा मुद्दाम मोठे निवडले आहेत का, हे तपासावे. शेतकऱ्याच्या ढिगाला असे कडे नसते.

एवढे पाहूनही आकार काळ सांगत नाही. इंग्लंडमधील सटन हू येथील टेकाडे दिसायला प्रागैतिहासिक असली तरी इ.स. सातव्या शतकाच्या आसपासची आहेत, आणि तिथल्याच बार्टलो हिल्स या टेकाडांचे उभे शंकू रोमन काळातील आहेत. दक्षिण इंग्लंडमधील सिल्बरी हिल हा प्रचंड उंचवटा खरोखरच प्रागैतिहासिक, पण १९६८ ते १९७० दरम्यान त्यात बोगदा खणूनही दफन मिळाले नाही. उलट, तिथून जवळच असलेला मार्लबरोचा उंचवटा नॉर्मन किल्ल्यासाठी रचलेला असावा असे दीर्घकाळ मानले जात होते. २०१० साली त्यातून छिद्र पाडून काढलेल्या नमुन्यांतील कोळशाच्या कार्बन कालमापनाने तो इ.स.पू. २४००च्या सुमाराचा ठरला. म्हणजे किल्ला होता म्हणून प्राचीनत्व खोडता येत नाही. जुन्या टेकाडावर नवा किल्ला बसू शकतो.

म्हणून नोंद करताना निष्कर्षापेक्षा मोजमापे अधिक लिहावीत, असे मला वाटते. अचूक स्थान, दोन काटकोनी दिशांतील व्यास, उंची, खंदकाची प्रत्येक शंकास्पद खूण, जुन्या नकाशांवरील उल्लेख, मोजपट्टी ठेवून चारही बाजूंनी घेतलेली छायाचित्रे आणि हा उंचवटा दफनटेकाड नसेल तर दुसरे काय असू शकेल, याचे प्रामाणिक उत्तर, एवढे असले की पुरातत्त्व खात्यातील जाणकाराला पुढे काम करता येते. जमीन कोणाची आहे ते विचारून परवानगीनेच आत जावे आणि कुदळ घरीच ठेवावी. ब्रिटनमध्ये १९७९च्या कायद्यानुसार संरक्षित स्थळी विनापरवाना धातुशोधक यंत्र वापरणे हादेखील गुन्हा आहे, आणि त्याचे कारण केवळ चोरीची भीती हे नाही: टेकाडाखाली दबलेला मूळ भूपृष्ठ, त्यातील परागकण आणि थरांचा क्रम एकदा विस्कटला की कालमापनाला आधारच उरत नाही.