आधी वरचा बोल्ट

"आधी वरचा बोल्ट सुटतोय का बघ, मग खालच्याला हात लाव." मी गाडीखाली शिरून पाना लावणार तेवढ्यात मेकॅनिककाका म्हणाले. मागच्या डिफरन्शियलचं, म्हणजे मागची चाकं फिरवणाऱ्या गिअरांच्या डब्याचं, ऑइल बदलत होतो, आणि खरंच की, वरचा फिलर प्लग जाम निघाला असता तर जुनं सगळं खाली आणि नवीन भरणार कुठून, गाडी जागेवरच!

ऑइल काळंकुट्ट, गंधकाचा उग्र वास. खालच्या ड्रेन प्लगच्या चुंबकावर करडी पेस्ट होती, बोटांत चोळली तर लोण्यासारखी मऊ, धातूचा एकही कण टोचला नाही, म्हणजे गिअर शाबूत, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. नवीन ८०डब्ल्यू-९० गिअर ऑइल वरच्या भोकाच्या काठावरून ओघळेपर्यंत भरलं.

इंजिन ऑइल वेळच्या वेळी बदलतो मी, पण हे मागचे गिअर बिचारे इतकी वर्षं मुकाट फिरतायत. तुम्ही शेवटचं कधी बघितलंत?