आवळा की हो एकदा

बप्पा निलंग्याकडचे, वय ७६, खालची कवळी तीनदा बदलून झालेली. हाड झिजून पार सपाट, जीभ हलली की कवळी तरंगायची, त्यामुळं भाकरी कालवणात कुस्करूनच. खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवायचे खुंट, आणि त्यावर अडकणारी कवळी, एवढं तर कमीत कमी द्यावंच, असं २००२ मधे कॅनडात मॅकगिल विद्यापीठात तज्ज्ञांनी ठरवलं, आपल्याकडं अजूनही कवळी खिशात घालून फिरणारे रोज दिसतात. असो. उसाचं बिल आल्यावर पोरानं पैसे भरले आणि मी हनुवटीच्या भागात दोन इम्प्लांट टाकले.

इम्प्लांटवर बॉल, म्हणजे कवळीतली रिंग अडकायची गोळी, लावला असता तर स्वस्तात झालं असतं, पण हाडाच्या उतारानं दोन्ही इम्प्लांट फाकलेले, तिरक्या बॉलवर रिंग लवकर झिजते, म्हणून बार ठरवला. बार दिसायला सोपा, दोन खांब आणि मधे दांडी. पण ही दांडी हिरडीच्या गोलाईनं वाकवायची नसते, सरळच ठेवायची, कारण घास चावताना कवळीची मागची बाजू हिरडीत थोडी दबते आणि तेव्हा कवळीतली, दांडीला पकडणारी क्लिप दांडीभोवती जराशी फिरते, दांडी वाकडी असली की ते फिरणं बंद आणि सगळा ताण इम्प्लांटवर. दांडी जास्त आत गेली तर जिभेला टोचते. खाली दोनेक मिलीमीटर मोकळं ठेवायचं, बारीक ब्रश जायला, अर्धा मिली ठेवलं तर हिरडी फुगून वर येते आणि दांडीलाच भिडते. वर परत क्लिप, ॲक्रिलिक, दात एवढं मावायला इम्प्लांटपासून दाताच्या टोकापर्यंत १२-१३ मिली तरी उंची लागते. बप्पांचं हाड झिजलेलं म्हणून जागा भरपूर, झिजल्याचा तेवढाच काय तो फायदा.

तर बुधवारी संभाजीनगरच्या लॅबमधून बार आला. मॉडेलवर झकास बसत होता. तोंडात ठेवला, नुसता डावा स्क्रू आवळला आणि उजवीकडं बघितलं तर बार वर उचललेला. किती, तर नखाच्या जाडीएवढा पण नाही. बोटानं दाबला की सांध्यातून थुंकीचे बारीक बुडबुडे यायचे, सोडला की आत जायचे. एक्स-रे काढला, काळी रेघ स्पष्ट.

आता गंमत अशी की दोन्ही स्क्रू आवळले की हे सगळं गायब. फट नाही, बुडबुडे नाहीत. असिस्टंट म्हणाली सर बसला की. बप्पा तोंडात कापूस धरून म्हणतेत, "आवळा की हो एकदा, साडेपाचची गाडी गेली की मग रातच्यालाच हाय."

चार वर्षांपूर्वी मी असाच एक आवळला होता. बाईंचा बार होता, सव्वा वर्षात स्क्रू आतच तुटला, तो तुकडा उलटा फिरवून काढायला दीड तास गेला, आणि त्या बाई एका शब्दानं बोलल्या नाहीत मला, तेच जास्त लागलं. इम्प्लांट काही दातासारखं हलत नाही, त्यामुळं ओढून बसवलेल्या बारचा ताण जिरत नाही, तो स्क्रूवर नाहीतर हाडावर बसूनच राहतो.

बार बाहेर काढला आणि बारीक डिस्कनं मधून कापला. बप्पा आ वासून बघायलेत, "तोडायलाव का काय आता?" म्हणलं हो.

दोन तुकडे वेगवेगळे बसवले तर आपापल्या जागी गप्प बसले, एक बुडबुडा नाही. फक्त कापलेल्या जागी एक टोक दुसऱ्यापेक्षा केसभर वर. तेवढ्याच केसभरासाठी सगळं रामायण. फटीत ब्रशनं थेंब थेंब पॅटर्न रेझीन, म्हणजे तुकडे जोडायचं घट्ट होणारं प्लास्टिक, भरलं, एकदम ओतलं तर ते घट्ट होताना आकसतं आणि परत ओढतं. मग वाट बघत बसलो. साडेपाचची गाडी गेली.

लॅबवाल्याला फोन केला तर तो म्हणतो माप तुमचं हललं, मी म्हणतो कास्टिंग तुझं वाकलं. पाच मिनिटं भांडलो. खरं सांगायचं तर मापानंतर तोंडात जिग, म्हणजे माप तपासायचा सांगाडा, बसवून खात्री करायची असते ती मीच केली नव्हती, बप्पांची एक चक्कर वाचावी म्हणून. जोडलेला बार कापसात गुंडाळून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पाठवला.

आठ दिवसांनी लेझर वेल्डिंग होऊन आला. एक स्क्रू आवळला, दुसरीकडं दाबून बघितलं, काही नाही. दोन्ही आवळले, कवळीत पिवळी क्लिप घालून बसवली तर टक आवाज आला. मग बप्पांना ती काढताच येईना, दोन्ही अंगठे कडेला लावून वर उचलायचं शिकवण्यात अर्धा तास गेला, चौथ्यांदा निघाली तेव्हा खूष.

वेल्डिंगचं बिल मीच भरलं. बप्पांना म्हणलं तुमची एक चक्कर माझ्यामुळं वाया गेली, तिकिटाचे पैसे घ्या. तर हसायला लागले, "मला कुठलं आलंय तिकीट, पंच्याहत्तरीच्या वर एस्टी फुकट की हो."