चोवीस फायबरच्या केबलचा काप: पॉलिश झाला, आत काय दिसलं

गेल्या नोंदीत नुसती सोलून ठेवलेली फायबरची केबल (फायबर म्हणजे प्रकाशातून इंटरनेट वाहून नेणारा काचेचा बारीक धागा) आता रेझिनमध्ये बसवून, घासून, पॉलिश होऊन सूक्ष्मदर्शकाखाली आहे. तुकडा मिळाला सोसायटीत फायबर जोडायला आलेल्या मुलाकडून, ड्रमचं उरलेलं टोक. "काका, एवढ्याशा केबलचं काय करणार?" म्हणाला. सांगितल्यावर बॅगेतून ड्रॉप केबलचाही, म्हणजे घरात येणाऱ्या शेवटच्या बारीक केबलचा, हातभर तुकडा काढून दिला.

आधी पद्धत. फायबर केबलमधल्या प्लास्टिकच्या नळ्यांत असतात आणि नळीत जेली भरलेली असते. खरी अडचण त्या जेलीची. ती धुतली तर फायबर जागचे हलतात, ठेवली तर घासताना सगळ्या पृष्ठभागावर पसरते. मला फायबर नळीत नेमके कुठे बसतात तेच बघायचं होतं, म्हणून जेली ठेवली आणि प्रत्येक नंबरच्या पेपरनंतर काप आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसत गेलो. वॉटर पेपर बोहरी आळीतून आणले: ४००, ८००, १२००, २०००, आणि शेवटी पॉलिशची पेस्ट. २०००च्या आधी थांबू नका. काच तोवर पांढुरकीच दिसते. केबलला ओढ सोसायला घातलेले अरामिडचे (केवलारच्या जातीचे) धागे मात्र पॉलिश होत नाहीत, पिंजारतात. रेझिन त्यांच्यात नीट मुरू दिलं तर जरा कमी. आणि फायबरचे तुटके तुकडे लगेच चिकटपट्टीवर गोळा करा, फुंकर मारू नका. डोळ्यांवर चष्मा हवाच.

आता रचना. बाहेरचं काळं आवरण एचडीपीईचं, म्हणजे कडक पॉलिथिनचं. त्यातला कार्बन ब्लॅक अतिनील किरणांपासून प्लास्टिक वाचवतो. पुण्यात इमारतीवरून इमारतीवर गेलेल्या केबलला मे महिन्याचं ऊन सोसायचं म्हणजे तो लागतोच. आत अरामिडचे पिवळे धागे, मग ओल लागली की फुगून पाण्याची वाट बंद करणारी पांढरी पट्टी, आणि मग सहा गोल: चार नळ्या, दोन भरीचे दांडे. मधोमध एफआरपीची, म्हणजे काचतंतू घातलेल्या प्लास्टिकची, काठी. एका वर्तुळाभोवती त्याच मापाची बरोबर सहा वर्तुळं चिकटून बसतात. म्हणून फायबर चारच नळ्यांत असले तरी दोन दांडे भरीला घालावे लागतात, नाहीतर केबल गोल राहत नाही.

नळीत सहा फायबर: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा. एकेकाचा व्यास २५० मायक्रॉन, त्यात काच १२५. म्हणजे जाडीतला अर्धा वाटा प्लास्टिकचा. तेही दोन थरांचं: आतला मऊ, बाहेरचा कडक. बाहेरून बारीकसा दाब आला तर तो मऊ थरात जिरावा आणि काचेला सूक्ष्म बाक येऊ नये, कारण तशा बाकांतून प्रकाश गळतो. काचेतला प्रकाश वाहणारा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा.

पण मला सर्वांत आवडलं ते लांबीचं गणित. नळ्या काठीवर सरळ ठेवलेल्या नाहीत, पिळून बसवल्या आहेत, आणि काही फेऱ्यांनी पिळाची दिशा उलटते. याला एसझेड पीळ म्हणतात. उलट्या वळणामुळे केबलच्या मधल्याच भागातून एखादी नळी न कापता बाहेर काढता येते. मी एक मीटर केबलमधली नळी सोडवून पट्टीवर सरळ केली: सुमारे १७ मिलिमीटर जास्त भरली. शिवाय नळीतला फायबर नळीपेक्षाही किंचित लांब असतो. केबल ओढली गेली की फायबर आधी ताणला जात नाही. तो नळीतल्या नळीत काठीच्या बाजूला सरकतो. ती सरकायची जागा संपेपर्यंत काचेवर ताण येत नाही. ही मोकळी जागा कापात समोर दिसते, आणि जेली त्या जागेत पाणी शिरू देत नाही, पण फायबरला हलू देते.

एफआरपीची काठी ओढ सोसायला आहे, एवढंच मी आजवर धरून चाललो होतो. तिचं दुसरं काम तितकंच मोठं आहे. थंडीत प्लास्टिक काचेच्या शंभराहून अधिक पट आकसतं. काठी नसेल तर आवरण आखडेल आणि आतले फायबर नळीत नागमोडी होतील. काठी ओढीइतकंच आकुंचनही रोखते. सगळी केबल बांधली आहे ती काचेला काहीच जाणवू नये म्हणून.

जाता जाता एक प्रयोग. फायबरचं टोक क्लीव्हरने (फायबर तोडायच्या हत्याराने) सपाट तोडून दुसऱ्या टोकाला फॉल्ट शोधायचा लाल लेझर पेन लावला आणि उजेड पांढऱ्या कागदावर पाडला. एक ठिपका नाही, पाकळ्या दिसल्या, कधी दोन, कधी चार. फायबर बोटाने जरा वाकवला की फिरतात. हा फायबर साधारण १२६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या वरच सिंगल मोड असतो, म्हणजे प्रकाशाला एकच वाट देतो. ६५० नॅनोमीटरच्या लाल उजेडाला त्यात एकाहून जास्त वाटा मिळतात, त्या या पाकळ्या. टोकात डोळा घालून कधीही बघू नका. चालू लाईनमध्ये तर अदृश्य अवरक्त प्रकाश असतो.

पुढचा नंबर ड्रॉप केबलचा. तिच्यात नळी नाही, जेली नाही, मोकळी जागा नाही. दोन काड्यांच्या मध्ये फायबर आवरणातच घट्ट बसलेला. त्यामुळे भिंतीच्या कोपऱ्यातलं वळण काचेलाच सोसावं लागतं, आणि म्हणून आवरणावर जी.६५७.ए२ छापलंय: ७.५ मिलिमीटर त्रिज्येपर्यंतचं वळण चालणारा फायबर. वरची मेसेंजर तार, म्हणजे केबल टांगायची तार, पोलादी आहे, ती प्लास्टिकपेक्षा सावकाश झिजणार आणि काप तिरका करणार. म्हणून रेझिनमध्ये बसवायच्या आधीच ती खाचेवरून फाडून वेगळी केली आहे.