हिरव्या पाण्याचे पाच महिने

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतील आमच्या घराच्या मधल्या खोलीला दक्षिणेकडे उघडणारी मोठी खिडकी आहे. त्या खिडकीपासून हातभर अंतरावर, लाकडी कपाटावर, दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच अशी माशांची टाकी गेल्या वर्षीच्या जूनपासून ठेवलेली आहे. खडी आणि वरची मोकळी जागा वजा जाता तिच्यात साधारण साठ लिटर पाणी मावते. लेकीने दहावीच्या सुट्टीत हट्ट धरला म्हणून ती आली खरी, पण लेक अभ्यासाला लागल्यावर टाकीची सगळी देखभाल माझ्याकडे आली आणि मला तिचा मनापासून लळा लागला. गप्पी, झेब्रा डॅनिओ आणि दोन मोली असा तिच्यातला संसार होता. ऑक्टोबर ते फेब्रुवारी या पाच महिन्यांत या टाकीत शेवाळाने जे केले आणि त्यावर मी जे बरेवाईट उपाय केले, ते सविस्तर लिहावेसे वाटले, कारण सुरुवातीला मला मिळालेले बहुतेक सल्ले शेवाळ कसे मारावे याचेच होते आणि ते येते कोठून हे मला बरेच उशिरा उमगले.

पहिला अनुभव किरकोळ होता. टाकी बसवल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात काचेवर आणि खडीवर तपकिरी, बोटाने सहज पुसला जाणारा थर धरला. हे डायटम नावाचे सूक्ष्मजीव असतात, नव्या टाकीत ते हमखास येतात आणि टाकी स्थिरावली की बहुधा आपोआप कमी होतात. आमच्याकडेही गणपतीच्या आत तो थर नाहीसा झाला. त्यामुळे माझा असा समज झाला की शेवाळाचे हे असेच असते, येते आणि जाते.

दसऱ्यानंतर मात्र पाण्याचा रंग बदलू लागला. प्रथम वाटले, दिव्याच्या उजेडाने तसे दिसत असेल. म्हणून काचेच्या पेल्यात पाणी घेऊन तो पांढऱ्या कागदासमोर धरला, तेव्हा कोवळ्या उसाच्या रसासारखी फिकी हिरवी झाक स्पष्ट दिसली. आठवड्याभरात टाकीच्या मागची भिंत दिसेनाशी झाली आणि मासे काचेजवळ आले तरच नजरेस पडू लागले. मी निम्मे पाणी बदलले. दोन दिवस बरे दिसले आणि तिसऱ्या दिवशी पाणी पुन्हा पहिल्यासारखे झाले. पाण्यात तरंगणारे हे शेवाळ एकपेशीय असते, ते फिल्टरच्या स्पंजमधून आरपार जाते आणि इतक्या वेगाने वाढते की निम्मे काढून टाकले तरी उरलेले निम्मे ती जागा भरून काढते, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते.

याच काळात माझ्या हातून दोन चुका झाल्या. पहिली चूक म्हणजे दुकानात मिळालेल्या सल्ल्यावरून मी शेवाळ खाणारा म्हणून सकर मासा विकत आणला. तो लहान असताना काचेवरचे थोडे शेवाळ खातो हे खरे आहे, पण पाण्यात तरंगणाऱ्या हिरव्या शेवाळाला तो तोंडही लावू शकत नाही. शिवाय तो वाढत जाऊन फुटाहून मोठा होतो आणि एवढा मोठा मासा जेवढी घाण करतो तिच्यावर शेवाळच पोसले जाते. दुसरी चूक अधिक महाग पडली. टाकी लख्ख करायची म्हणून मी फिल्टरचा स्पंज मोरीत नळाखाली धरून, पिळून पिळून, स्वच्छ धुतला. त्या स्पंजमध्येच ते जिवाणू राहतात जे माशांच्या मलमूत्रातून सुटणाऱ्या विषारी अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन जंतू मारण्यासाठीच घातलेले असते, आणि माझ्या उपयोगाचे जंतू कोणते हे त्याला कळत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड लावून कल्ले भराभर हलवत होते. काळी मोली खडीवर आडवी पडली होती, तिचा एक पर अजून हलत होता, आणि मी हात घालेपर्यंत तोही थांबला. त्या दिवशी दोन मासे गेले. त्यानंतर आजतागायत स्पंज मी टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, बादलीत, दोनदा हलकेच दाबून खळबळते. तो मळकट दिसला तरी चालतो.

मासे सावरल्यावर मी अंधाराचा उपाय केला. टाकीला चारही बाजूंनी जाड सोलापुरी चादर गुंडाळली, दिवा बंद केला, खाणे बंद केले आणि हवेचा पंप मात्र चालू ठेवला. पंप चालू ठेवणे फार आवश्यक आहे, कारण अंधारात शेवाळ प्राणवायू तयार करीत नाही आणि मेलेले शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू खेचून घेते. चार दिवसांनी चादर काढली तेव्हा पाणी नितळ होते आणि आम्ही सगळे खाली बसून मासे पाहत राहिलो. मी लगेच निम्मे पाणी बदलले, म्हणजे मेलेल्या शेवाळातून सुटलेले पोषक द्रव्य तरी बाहेर जावे. तरीही बाराव्या दिवशी पेल्यात पुन्हा तीच हिरवी झाक आली.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी मी रंकाळ्यावर फिरायला गेले होते. रंकाळ्याची जलपर्णी आणि पाण्यावरचा हिरवा तवंग ही कोल्हापूरकरांना नवी गोष्ट नाही. जलपर्णी काढली जाते, काठावर तिचे ढीग लागतात, आणि तळ्यात सांडपाणी मिसळत राहिले की ती पुन्हा फोफावते, हे आपण वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. संध्यामठाच्या बाजूला उभी असताना माझ्या मनात आले की आपणही टाकीतून फक्त जलपर्णीच काढत बसलो आहोत. आपल्या टाकीत सांडपाणी कोठून येते याचा शोध आपण घेतलेलाच नाही.

घरी येऊन मी तीन दिवस काहीही न करता फक्त पाहिले आणि वहीत लिहून ठेवले. पहिली गोष्ट सापडली ती उन्हाची. दुपारी एकच्या सुमारास खिडकीतून उन्हाची तिरीप टाकीच्या काठावर यायची आणि तीनपर्यंत अख्खी टाकी उन्हात असायची. जूनमध्ये मी जागा निवडली तेव्हा तेथे ऊन अजिबात येत नव्हते, आणि त्याचे कारण साधे होते. मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कोल्हापुरात दुपारचा सूर्य माथ्याच्या उत्तरेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीत थेट ऊन येत नाही. नंतर तो दक्षिणेकडे कलत जातो, ऑक्टोबरात पावसाळी ढगही हटतात, आणि तेच ऊन तिरपे होऊन खोलीत शिरते. पावसाळ्यात निवडलेली जागा हिवाळ्यात उन्हाची होते, एवढी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. त्याखेरीज टाकीचा दिवा सकाळी सहाला लागायचा आणि रात्री निजानीज होईपर्यंत चालू राहायचा, म्हणजे पंधरा-सोळा तास.

दुसरी गोष्ट खाण्याची. सकाळी मी चिमूटभर खाणे घालत असे. देवपूजा झाली की सासूबाई घालत असत. संध्याकाळी लेक घालत असे आणि रात्री यजमान जेवायला बसण्यापूर्वी घालत असत. कोणी कोणाला विचारत नव्हते, आणि मासे काचेपाशी येऊन असे काही धडपडत की पाहणाऱ्याला ते दिवसभर उपाशी असल्यासारखे वाटावे. उरलेले खाणे खडीत जाऊन कुजत होते. नायट्रेट, म्हणजे शेवाळाचे खाद्यच, तपासण्याचा संच आणून पाहिला तर नळाच्या पाण्यात रंग जवळजवळ पिवळाच राहिला आणि टाकीच्या पाण्यात तो गडद तांबडा झाला, म्हणजे लिटरमागे ऐंशी मिलिग्रॅमच्या घरात. हे होते आमच्या घरचे सांडपाणी, आणि ते चार जणांच्या मायेने टाकीत येत होते.

उन्हाचा बंदोबस्त सोपा होता. खिडकीला जाड पडदा लावला आणि दिव्याला दोन-चारशे रुपयांचा टायमर बसवला. आता दिवा दुपारी चारला लागतो आणि रात्री दहाला आपोआप विझतो, म्हणजे सहा तास. खाण्याचा बंदोबस्त मात्र अवघड होता, कारण सासूबाईंना कमी खायला घाला हे सांगणे मला जड जात होते. सांगितले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “अगं, मुकी जित्राबं ती. ती उपाशी फिरत असताना आपण ताटावर कसं बसायचं?” त्यांच्याशी मला वाद घालायचा नव्हता, कारण त्यांचे म्हणणे चुकीच्या भावनेतून आलेले नव्हते. मी त्यांना मोली गेली तो दिवस आठवून दिला आणि माशाचे पोट त्याच्या डोळ्याएवढे असते हे समजावले. मग हिंगाची रिकामी डबी धुऊन, दोन दिवस उन्हात ठेवून तिचा वास घालवला, आणि ठरवले की रोज सकाळी त्या दिवसाचे सगळे खाणे या डबीत काढायचे, ज्याला घालायचे असेल त्याने त्यातूनच घालायचे आणि डबी रिकामी झाली की त्या दिवसापुरते खाणे संपले. ही डबी मी सासूबाईंच्याच ताब्यात दिली. आठवड्यातून एक दिवस माशांना लंघन देणे चांगले असते असे मी म्हणाले, तेव्हा त्यांनीच सोमवार ठरवला, कारण त्या दिवशी त्यांचाही उपास असतो.

यापुढचे काम चिकाटीचे होते. दर रविवारी पंधरा लिटर पाणी नळीने खडीतली घाण ओढून काढत बाहेर काढायचे आणि तेवढेच नवे, क्लोरीन मारणारे औषध घालून, हळूहळू भरायचे. निघालेले पाणी मी गच्चीतल्या अळूला आणि कढीपत्त्याला घालते, आणि त्या अळूची पाने यंदा ताटाएवढी झाली. भरभर वाढणाऱ्या पाणवनस्पती लावल्या, त्यात हॉर्नवॉर्ट आणि वॅलिस्नेरिया या मुख्य, आणि मनी प्लांटच्या दोन फांद्या मुळे पाण्यात व पाने बाहेर अशा मागच्या काठावर अडकवल्या. शेवाळ ज्यावर जगते तेच अन्न या वनस्पती आधी उचलतात. तळ्यातून वनस्पती आणण्याचा मोह मी टाळला, कारण त्यांच्याबरोबर चतुराच्या अळ्या येऊ शकतात आणि त्या लहान मासे खातात. मग दुसऱ्यांदा चार दिवस चादर गुंडाळली. या वेळी चादर काढल्यावर आलेला नितळपणा टिकला. जानेवारीच्या अखेरीस नायट्रेट वीस मिलिग्रॅमवर आले होते.

मधल्या काळात एक वेगळेच संकट उद्भवले होते, ते म्हणजे काळे, दाढीच्या खुंटांसारखे शेवाळ. अनुबियास ही वनस्पती अतिशय सावकाश वाढते, त्यामुळे तिच्या जुन्या पानांच्या कडांवर ते पक्के बसते. ओढून निघत नाही, बहुतेक मासे ते खात नाहीत. दिसायला काळे असले तरी ते लाल शैवालांच्या कुळातले आहे. यासाठी औषधाच्या दुकानात मिळणारे तीन टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड वापरले. प्रमाण चार लिटर पाण्यामागे एक मिलिलिटर, म्हणजे आमच्या टाकीला एका वेळी जास्तीत जास्त पंधरा मिलिलिटर. फिल्टर बंद करून, सुई काढलेल्या सिरिंजने, पाण्याखालीच त्या शेवाळावर थेंब थेंब सोडायचे, दहा-पंधरा मिनिटे थांबायचे आणि फिल्टर सुरू करायचा. पेरॉक्साइड लागताच त्या काळ्या झुबक्यावर मोहरीहूनही बारीक बुडबुड्यांची रांग उमटली. तिसऱ्या दिवशी तो झुबका गुलाबी झाला, नंतर पांढुरका पडला, आणि सहाव्या दिवशी एक मोली तो खाताना दिसली. एका वेळी मी दोनच पाने घेतली, म्हणून सगळे उरकायला तीन आठवडे लागले. ज्यांच्याकडे झिंगे किंवा मॉस नावाची नाजूक पाणवनस्पती आहे त्यांनी हा उपाय फार जपून करावा.

केसाळ शेवाळासाठी मात्र कोणतेही औषध लागले नाही. जुना दातांचा ब्रश त्यात खुपसून गोल गोल फिरवला की काट्याला शेवया गुंडाळाव्यात तसे ते ब्रशला गुंडाळून येते.

सकर मासा आता आमच्याकडे नाही. तो सहा इंचांचा झाला तेव्हा शेजारच्या गल्लीतील एका मोठी टाकी असलेल्या कुटुंबाने तो नेला. काही जणांनी त्याला रंकाळ्यात सोडून द्या असे सुचवले होते. हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला आहे, आपल्याकडील पाण्यात तो तग धरतो आणि स्थानिक माशांचे अन्न व जागा बळकावतो, म्हणून तसे कोणीही करू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता पुढची आणि बाजूची काच मी दहा दिवसांतून एकदा जुन्या प्लास्टिकच्या कार्डाने खरवडते, कारण तेवढ्यात तिच्यावर हिरवे ठिपके येतातच. मागची काच मी मुद्दाम तशीच ठेवली आहे. तिच्यावर पातळ हिरवी साय धरते आणि तीन नेराईट गोगलगाई रात्रभर ती चरत असतात. सकाळी त्यांच्या वाटा काचेवर नागमोडी उमटलेल्या दिसतात. पडद्याच्या दोरीला मी लाल धागा बांधून ठेवला आहे, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी सासूबाईंनी स्वतःच्या हाताने ‘माशांचा पडदा’ असे लिहिले आहे.