ग्रिमच्या गोष्टी: आधी आवृत्तीचं साल बघा

जर्मन रोमँटिसिझम, म्हणजे कल्पना आणि भावनेला मान देणारी साहित्यचळवळ, म्हटलं की धुकं, चांदणं आणि पडके किल्ले डोळ्यांपुढे येतात. पण 'लोकांचा आवाज', म्हणजे साध्या खेडवळ लोकांच्या तोंडची अस्सल गोष्ट, ही या चळवळीची लाडकी कल्पना कशी घडली हे बघायचं असेल, तर याकोब आणि विल्हेल्म या ग्रिम बंधूंच्या लोककथासंग्रहातली 'रापुन्त्सेल', मनोऱ्यात कोंडलेल्या लांब केसांच्या मुलीची गोष्ट, १८१२ आणि १८५७ अशा दोन्ही आवृत्त्यांत शेजारी ठेवून वाचावी.

१८१२ मध्ये ही पोर तिला कोंडणाऱ्या परीला भाबडेपणानं विचारते, माझे कपडे हल्ली इतके घट्ट का होतात? दिवस गेलेत, हे तिला उमगलेलं नाही. १८५७ मध्ये परीची चेटकीण झालीय आणि प्रश्नही बदललाय: तुम्हाला केसांनी वर ओढताना राजपुत्रापेक्षा जड का लागतं? शिवाय राजपुत्र आता रीतसर लग्नाची मागणी घालतो. जुळी मुलं दोन्हीकडे आहेतच, त्यांची काहीतरी सोय लावायला हवी होती!

ही डागडुजी मुख्यतः विल्हेल्मची. पहिली आवृत्ती टिपांनी जड झालेली, अभ्यासकी थाटाची होती. मुलांच्या हाती द्यायला ती योग्य नाही, अशी टीका झाली. १८२५ मध्ये ५० गोष्टींची छोटी, सचित्र आवृत्ती निघाली. चित्रं धाकट्या भावाची, लुडविग एमिलची.

बरं, मूळ तरी अस्सल खेडवळ होतं का? रापुन्त्सेल आली फ्रीडरिश शुल्त्सच्या १७९० च्या पुस्तकातून, आणि त्याच्याही मागे १६९८ ची एक फ्रेंच कथा आहे. बऱ्याच गोष्टी कासेल शहरातल्या सुशिक्षित घरांतल्या मुलींनी सांगितलेल्या. त्यांतल्या हासेनफ्लुग घराण्यात फ्रेंच ह्युगनॉ, म्हणजे फ्रान्समधल्या प्रोटेस्टंटांचं, रक्त होतं. 'बूट घातलेलं मांजर' फारच फ्रेंच निघालं, म्हणून १८१९ मध्ये वगळलं गेलं. गंमत म्हणजे पहिला खंड छापला गेला तेव्हा कासेलवर नेपोलियनच्या भावाचं राज्य होतं आणि याकोब त्याच्याच ग्रंथालयात नोकरीला होता. जर्मनपणाचा हा हट्ट त्या दिवसांतला.

तरीही हा नमुना दूरवर गेला. नॉर्वेत आस्ब्यर्नसेन आणि मो यांनी, रशियात अफानास्येवनं आपापल्या लोककथा गोळा केल्या.

वाचताना एक चूक हमखास होते: 'बेडूक राजा'त लोक चुंबन शोधत बसतात. ते १८१२ मध्ये नाही, १८५७ मध्येही नाही. राजकन्या त्याला उचलून भिंतीवर आपटते.